सुट्टी वेगळी, उपकार वेगळे

मी मुलं सांभाळते. कोथरूड, कर्वेनगर, बावधन या भागातल्या घरांमध्ये गेली कितीतरी वर्षं माझं हेच काम आहे. सकाळी आठच्या सुमाराला सोसायटीच्या गेटवर नोंद करून आत जायचं आणि संध्याकाळी सातनंतर, ताई किंवा दादा ऑफिसातून आले की, बाहेर पडायचं. मधल्या वेळात एका लहान जिवाचं खाणं, झोप, शी-शू, अंघोळ, रडणं, खेळणं सगळं माझ्याकडे. टाळू भरायची, नाचणीचं सत्त्व शिजवायचं, डोस दिल्यावर ताप चढला तर कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, बाळ झोपलं की त्याचे कपडे धुऊन वाळत घालायचे. हे काम मला आवडतं. आवडतं म्हणून करते आणि पोटासाठीही करते. दोन्ही खरं आहे.

आमच्या वस्तीत बायका पगाराबद्दल मोकळेपणाने बोलतात. कोणाला किती मिळतात, कोणत्या सोसायटीत काय भाव चालू आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुट्टीचं तसं नाही. सुट्टीचा विषय निघाला की प्रत्येकीकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं, आणि त्यात कुठेतरी तिची मान खाली गेलेली असते. म्हणून मला सुट्टीबद्दल लिहायचं आहे. आणि सुट्टीला चिकटून येणाऱ्या दुसऱ्या गोष्टीबद्दलही: कामाच्या घराने आपल्यासाठी केलेलं आणि आपण त्या घरासाठी केलेलं, पगारात न मोजलेलं सगळं.

धुण्याभांड्याला एक दिवस खाडा झाला तर भांडी साचतात. ताई स्वतः घासतात, नाहीतर शेजारच्या घरी येणारी बाई चार पैसे घेऊन करून जाते. भांड्यांना कोणाचाही हात चालतो, बाळाला चालत नाही. आठ-नऊ महिन्यांचं मूल माणसं ओळखायला लागतं. अनोळखी बाईने उचललं की अंग ताठ करून रडतं, तिच्या हातून घास घेत नाही, झोपत नाही. त्यामुळे मी गेले नाही की त्या घरातल्या एका माणसाचं ऑफिस बुडतं. आणि बुडतं ते बहुतेक वेळा ताईंचंच.

ताईंनाही रजा मोजूनच मिळते. २०१७ साली कायदा बदलला आणि बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. चांगलंच झालं. पण सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. बाळाचं नुकतं उष्टावण झालेलं असतं, ते वरणाचं पाणी प्यायला लागलेलं असतं, तेवढ्यात रजा संपते. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, हेही त्याच कायद्यात आलं. मी ज्या घरांत राहिले तिथल्या एकाही ताईंना अशा सोयीचा उपयोग झालेला मी पाहिला नाही. ताईंची रजा संपते तिथून माझं काम सुरू होतं. आणि मी कामाला गेले की माझी मुलगी सासूबाईंकडे. सासूबाईंना ताप आला की मी घरी, मी घरी राहिले की ताई घरी, आणि ताई घरी राहिल्या की हिंजवडीत कोणाची तरी मीटिंग पुढे जाते. अशी एका सुट्टीमागे दुसरी सुट्टी अडकलेली असते. या साखळीत ज्यांच्या सुट्टीचा विचार कुठल्याच कागदावर नाही अशा दोघी, मी आणि सासूबाई.

सुरुवातीच्या एका घरात ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मावशी, आम्ही सुट्ट्याबिट्ट्या मोजणार नाही. तुम्हाला लागेल तेव्हा घ्या." मला फार बरं वाटलं होतं. घरी येऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलंही. पण आकडा न ठरलेली सुट्टी मागायला सगळ्यात अवघड असते, हे पुढे अनुभवाने कळलं. महिन्याला दोन दिवस ठरलेले असते तर "येत्या गुरुवारी येणार नाही" एवढं म्हटलं की झालं असतं. आकडा नाही म्हटल्यावर दर वेळी कारण लागतं, आणि ते कारण समोरच्याला पटेल एवढं मोठं लागतं. मुलीच्या शाळेत पालकसभा आहे म्हटलं तर, "तिचे बाबा जातील ना?" भाचीचा साखरपुडा म्हटलं तर, "संध्याकाळी आहे ना, मग चारला निघा." रेशनकार्डाचं काम म्हटलं तर, "शनिवारी होत नाही का?" आणि मी दमले आहे, एक दिवस मला झोपायचं आहे, हे कारण तर तोंडातून निघतच नाही. आमच्यातल्या कितीतरी जणी गावाकडचं कोणीतरी आजारी पडलं, कोणीतरी गेलं, असं सांगून सुट्टी घेतात. लोक त्यावरून आम्हाला खोटारड्या म्हणतात. मला एवढंच वाटतं की खरं कारण जिथे चालत नाही तिथे माणूस चालेल ते कारण सांगतो.

त्या ताईंच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं होतं. दूध किती लिटर, इस्त्रीचे कपडे किती, गॅस कधी लावला, सगळं त्यावर. मी न आलेल्या दिवसांवरही एक बारीक फुली असायची. त्यांनी माझा पगार कधी कापला नाही. पण फुली होती. म्हणजे त्याही मोजत होत्या, मीही मनात मोजत होते, आणि दोघीही त्यावर बोलत नव्हतो.

त्याच घराने माझ्यासाठी एक मोठी गोष्ट केली. मुलीला शाळेत घालायचं होतं. शिक्षण हक्काच्या कायद्याने खासगी शाळांत पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा आमच्यासारख्यांच्या मुलांसाठी ठेवल्या आहेत, हे मी ऐकून होते. पण अर्ज ऑनलाइन, उत्पन्नाचा दाखला हवा, राहत्या जागेचा पुरावा हवा, घर नकाशावर दाखवायचं, मग सोडत. आमची भाड्याची खोली, करारनामा नाही. दादांनी एका रविवारी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसून सगळा अर्ज भरला. करारनामा कसा करायचा, दाखला कुठे मिळतो, हे त्यांनीच सांगितलं. मुलीचं नाव सोडतीत आलं. आज ती कॉलेजात आहे आणि त्या रविवारचं मोल मी जन्मात विसरणार नाही.

त्यानंतर मात्र माझे सातचे साडेसात झाले, साडेसातचे आठ झाले. थांबा असं कोणी बजावलं नाही. ताईंचा फोन यायचा, "मावशी, जरा उशीर होतोय हं," आणि मी "असू दे" म्हणायचे. एखाद्या शनिवारी पाहुणे आले की हाताखाली थांबायचं, तेही असू दे. घड्याळाकडे बघायलाच मला संकोच वाटायला लागला.

आमचं कुलदैवत मांढरदेवची काळूबाई. पौष पौर्णिमेला तिची यात्रा भरते. स्वारगेटहून भोर, भोरहून घाट चढून वर. लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंचा हात धरून मी जात आले. घरून पुरणपोळीचा नैवेद्य करून न्यायचा, देवीची ओटी भरायची, परतीच्या गाडीत उभं राहून यायचं. त्या वर्षी मी बरेच दिवस आधी ताईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मावशी, त्याच दिवशी माझं ऑफिसात फार महत्त्वाचं काम आहे. आपण एकमेकींसाठी करतोच ना? मुलीच्या ॲडमिशनला दादांनी केवढी धावपळ केली."

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांची अडचण खरी होती. मी गेले नाही, सासूबाई शेजारणीबरोबर गेल्या. पण त्या एका वाक्याने माझ्या मनातलं काहीतरी बदललं. दादांची मदत खरी होती आणि माझी कृतज्ञताही खरी होती. आता तीच मदत माझ्या सुट्टीच्या बदल्यात मांडली गेली आणि तिचा गोडवा गेला. फेडायला माझ्याकडे पैसा नव्हता, ओळखीपाळखी नव्हत्या. माझ्याकडे होता तो वेळ. म्हणजे त्या घराचे उपकार मी फेडणार ते माझ्या झोपेतून, माझ्या मुलीच्या संध्याकाळींतून, माझ्या देवीच्या दिवसातून. आणि त्या फेडीला शेवट नव्हता, कारण किती दिवस दिले म्हणजे एक ॲडमिशन फिटते हे कोणीच ठरवलेलं नव्हतं.

पुढे दुसऱ्या एका घराबरोबर मी गोव्याला गेले. "मावशी, तुम्हीही चला, तेवढंच तुम्हालाही फिरायला मिळेल," असं त्यांनी मनापासून म्हटलं होतं. मीही समुद्र पाहिला नव्हता. तिथे बाळाला नवी जागा मानवली नाही. रात्र रात्र जागून त्याला खांद्यावर घ्यावं लागलं. दिवसा ऊन म्हणून बाळ खोलीत, म्हणून मी खोलीत. संध्याकाळी सगळे जेवायला बाहेर गेले की बाळ झोपलेलं, म्हणून मी परत खोलीत. घरी माझं काम सातला संपतं, तिथे ते संपतच नव्हतं. पुण्यात परतल्यावर त्या महिन्याचा पगार नेहमीएवढाच आला आणि वर "मावशी, यंदाची तुमची सुट्टी झाली" असं बोलणं आलं. फिरायला नेणं हा त्यांच्या दृष्टीने माझ्यावर केलेला उपकार होता. माझ्या दृष्टीने ते रात्रंदिवसाचं काम होतं. दोघांनी मिळून त्याला आधीच नाव दिलं असतं तर मी आनंदाने गेले असते आणि आनंदाने परत आले असते.

याचंच उलटं रूप म्हणजे घरचे लोक गावाला जातात तेव्हाचं. आठ-दहा दिवस केरळला गेले, आजी-आजोबा महिनाभर राहायला आले, की "या दिवसांत येऊ नका". मग ते दिवस माझ्या सुट्टीत धरायचे की काय? पगार कापायचा का? मी तर कामाला तयार होते. माझ्या घरचं भाडं आणि किराणा त्या दिवसांत थांबत नाही. ज्या दिवशी काय करायचं हे मी ठरवत नाही, तो दिवस माझी सुट्टी कसा होईल?

हे सगळं मी सासूबाईंना बोलून दाखवायचे. त्यांचा जन्म कर्वे रस्त्याच्या बाजूला धुणीभांडी करण्यात गेला. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्या वेळच्या गोष्टी त्या सांगायच्या. एका बाईला आजारपणात खाडे झाले, ती परत गेली तेव्हा तिच्या जागी दुसरी ठेवलेली होती. त्यावरून ठिणगी पडली, असं त्यांचं सांगणं. शिकलेली एकही बाई पुढे नसताना गल्लीगल्लीतून बायका बाहेर पडल्या. पगार वाढवून हवा, आणि आजारी पडलं तर सुट्टी हवी. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगाराचे दर ठरवायचे, सुट्टी आणि दिवाळीला बोनस मागायचा, ही रीत या शहरात त्या बायकांनी पाडली. सासूबाई म्हणायच्या, "आम्ही सुट्टी मागितली तेव्हा लोक म्हणाले, घरच्यासारखं वागवतो तर सुट्टी कसली मागता? आम्ही म्हटलं, घरच्यासारखं वागवता तर आजारी पडल्यावर घरच्यासारखं निजू द्या."

त्यांचं हे बोलणं ऐकल्यावर मी कायद्याची चौकशी करायला लागले. वस्तीत घरेलू कामगारांची नोंदणी करायला कार्यकर्त्या येतात, त्यांच्याकडून पुष्कळ कळलं. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. अठरा ते साठ वर्षांच्या बाईची नोंदणी होते, ओळखपत्र मिळतं, काही आर्थिक मदतीच्या योजना आहेत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, नोंदणी असलेल्यांना सरकारने दीड हजार रुपये दिले ते या नोंदणीमुळेच. पण हा कायदा कल्याणाचा आहे. आठवड्याला सुट्टी किती, कामाचे तास किती, हे त्यात बांधून दिलेलं नाही. जगातल्या देशांनी मिळून २०११ साली घरकामगारांसाठी एक करार केला. आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती मिळाली पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करा, असं केंद्र सरकारला सांगितलं. माझा भाचा एका मॉलमधल्या मोठ्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालतो. त्याला आठवड्याची सुट्टी कायद्याने आहे आणि वर्षाला आठ किरकोळ रजाही आहेत. कपड्यांच्या घड्या घालणाऱ्याला जे मिळतं ते माणसाचं मूल वाढवणारीला मिळत नाही, हे मला पटत नाही. कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत जे काही ठरवायचं ते त्या घराच्या हॉलमध्ये बसून आम्हालाच ठरवावं लागतं.

म्हणून २०१८ मध्ये बावधनला नवं घर धरलं तेव्हा पगाराचं बोलणं झाल्यावर मी उठले नाही. म्हटलं, "ताई, सुट्टीचंही बोलून घेऊ." रविवार पूर्ण सुट्टी. त्याशिवाय महिन्याला एक दिवस, कारण न विचारता, फक्त आदल्या आठवड्यात सांगून. गौरी-गणपतीला दोन दिवस, दिवाळीत चार, आणि पौष पौर्णिमा. आजारी पडले तर सकाळी सातच्या आत फोन, कारण बाळाजवळ खोकत जाण्यात शहाणपण नाही. तुम्ही गावाला गेलात तर पगार चालू. मला बरोबर नेलंत तर ते काम, त्याचे दिवसाचे जास्तीचे पैसे. सातनंतर थांबले तर तासाचे पैसे. काम बंद करायचं असेल तर दोघींनीही महिनाभर आधी सांगायचं. कारण मूल शाळेत जायला लागलं की "उद्यापासून नको" असं एका संध्याकाळी सांगितलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

ताई ऐकत होत्या. दादांनी विचारलं, "आणि ठरल्यापेक्षा जास्त खाडे झाले तर?" प्रश्न रास्त होता. तर पैसे कापा, मी म्हटलं, पण कसे कापायचे तेही आताच ठरवू. या हिशेबात आमच्या बायका नेहमी फसतात. समजा पगार १५,६०० रुपये आहे. चार रविवार सोडले तर कामाचे दिवस सव्वीस. सव्वीसने भागलं तर दिवसाचे ६०० होतात, तीसने भागलं तर ५२०. खाडा झाला की सव्वीसने भागून ६०० कापायचे आणि रविवारी बोलावलं की तीसने भागून ५२० हातावर ठेवायचे, असं कित्येक घरांत चालतं. कोणी मुद्दाम फसवतं असं नाही, ज्याला जे सोयीचं ते तो धरतो. मी म्हटलं, ज्या आकड्याने कापाल त्याच आकड्याने द्या. दादा हसले आणि म्हणाले, "सव्वीस." ताईंनी सगळं एका वहीत लिहिलं, दोघींनी खाली सही केली. ती वही फ्रिजवर राहायची आणि दोघींनाही हाताला येईल अशी राहायची.

बदली बाईचाही प्रश्न आम्ही असाच सोडवला. ताईंना काळजी होती की मी चार दिवस गेले तर बाळ कोणाकडे राहणार. माझी धाकटी जाऊ हेच काम करते. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात मी तिला दोन दुपारी बरोबर नेलं. बाळाने तिला माझ्याबरोबर हसताना पाहिलं, मग तिच्या हातून केळं खाल्लं, मग तिच्या मांडीवर झोपलं. कोणत्या गाण्यावर झोपतं, बाटली किती कोमट लागते, कोणतं पांघरूण हातात लागतं, हे तिला दाखवून ठेवलं. मी दिवाळीला गेले तेव्हा ताई ऑफिसात होत्या आणि बाळ रडलं नाही. आमच्या कामात सुट्टी अवघड असते हे खरं, पण थोडी तयारी केली तर तिला वाट निघते. त्या दोन दुपारींचे पैसे जावेला ताईंनी दिले.

इतका चोख हिशेब केल्यावर घरात कोरडेपणा येईल, असं पुष्कळांना वाटतं. ताईंच्या सासूबाईंनाही वाटलं होतं. "आमच्या वेळी बायका घरातल्या होऊन राहायच्या, असले कागद नव्हते," असं त्या म्हणाल्या होत्या. माझा अनुभव अगदी उलटा आहे. त्या घराइतकं मनापासून मी कुठेच केलं नाही आणि त्यांच्याइतकं माझ्यासाठी कोणी केलं नाही.

एका रात्री ताईंचा फोन आला. त्यांच्या वडिलांना कोल्हापूरला छातीत दुखायला लागलं होतं, दोघांना लगेच निघायचं होतं. मी रिक्षाने जाऊन बाळाला माझ्या घरी घेऊन आले. आमच्या एका खोलीत, माझ्या मुलीच्या शेजारी ते तीन रात्री झोपलं. परत आल्यावर ताई वही काढून तास मोजायला लागल्या. मी वही मिटली. "हे वहीतलं नाही," म्हटलं. असं म्हणण्याची ऐपत मला त्या वहीनेच दिली होती. पूर्वी मी थांबायचे ते नाइलाजाने थांबायचे, आणि नाइलाजाने केलेल्या कामाला कोणी मदत म्हणत नाही. इथे माझा वेळ माझा होता, म्हणून तो मला देता आला.

मला नाहीही म्हणता येत होतं. एका शनिवारी त्यांच्याकडे कार्यक्रम होता, त्यांनी उशिरापर्यंत थांबाल का विचारलं, आणि माझ्या मुलीचा शाळेत नाच होता. मी नाही म्हटलं. सोमवारी ताईंनी पहिला प्रश्न विचारला तो मुलीच्या नाचाचा. त्यांनाही नाही म्हणता आलं. नवऱ्याच्या मुतखड्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी मोठी उचल मागितली. ताई म्हणाल्या, "मावशी, एवढी आता देता येणार नाही, फ्लॅटचा हप्ता सुरू झालाय. निम्मी देते, आणि दादा हॉस्पिटलात येऊन बिलाचं बोलतील." मला वाईट वाटलं नाही. निम्मी उचल वहीत लिहिली, दरमहा ठरलेली रक्कम पगारातून कापली गेली आणि फिटली. दादा हॉस्पिटलात आले, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का ते त्यांनी काउंटरवर उभं राहून विचारलं, कागद गोळा करायला मदत केली. त्याची कुठेही नोंद नाही आणि त्याची आठवण मला पुन्हा कधी कोणी करून दिली नाही. उचल आणि मदत यांत मी तेव्हापासून फरक करते. उचल हे माझं कर्ज, ते पैशातच फिटलं पाहिजे. कर्ज दिवसांत फेडायला लागलं की माणूस बांधला जातो.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. सोसायट्यांनी आम्हाला गेटवरच थांबवलं. वस्तीत कित्येक जणींचे पगार पहिल्या महिन्यातच थांबले. काहींना अर्धे मिळाले, काहींचे फोन उचलले गेले नाहीत. ताईंनी पगार चालू ठेवला. "तुम्ही यायला तयार आहात, सोसायटी येऊ देत नाही. आपलं ठरलंय तसंच," एवढंच त्या बोलल्या. ते गावाला गेल्यावर पगार चालू, असं वहीत होतं, टाळेबंदीचं कोणी लिहिलेलं नव्हतं. पण एकदा तत्त्व ठरलं की न लिहिलेलंही त्यावरून उलगडतं. त्या पगारातून आमच्या घरात तांदूळ आला आणि शेजारच्या दोन घरांतही थोडा गेला. पुन्हा कामावर गेले तेव्हा ताई-दादा दोघंही घरून काम करत होते, दमलेले होते. मी पहिले काही रविवार आपण होऊन गेले. ताईंनी सव्वीसने भागून पैसे काढले. मी घेतले. त्यांनी द्यायला हवे होते, मी घ्यायला हवे होते. मी आपण होऊन गेले होते, तिथेच माझी माया होती.

ज्यांना अशी वही ताईंबरोबर बसून लिहिता येत नाही अशा बायकांची मला जास्त काळजी वाटते. बायकांना कामाला लावून देणाऱ्या सेंटरमार्फत चोवीस तासांच्या कामाला लागलेल्या मुली आहेत. लांबच्या गावांतून, परराज्यांतून आलेल्या. त्यांची सुट्टी सेंटर आणि घर यांच्यामध्ये कुठेतरी हरवते. घर म्हणतं सेंटरला विचार, सेंटर म्हणतं घराला विचार. त्यांना उपकार म्हणून जुना मोबाइल मिळतो, कपडे मिळतात, वाढदिवसाला केक कापला जातो, पण महिनोन् महिने एक अख्खा दिवस मोकळा मिळत नाही. या मुलींना मी बागेत भेटते, बाबागाडी ढकलताना. त्या आपल्या घराबद्दल चांगलंच बोलतात. मग मी विचारते, "शेवटची सुट्टी कधी घेतलीस?" तर आठवावं लागतं. सुट्टी हे त्यांच्या कामातलं सगळ्यात मोठं येणं आहे आणि केकने ते फिटत नाही.

मी मुलं वाढवलेल्या घरांतल्या ताई-दादांना हे वाचून वाईट वाटू नये. बहुतेक घरं चांगली होती. वाईट माणसांमुळे एवढा गोंधळ होत नाही, चांगली माणसं न बोलता एकमेकांना गृहीत धरतात म्हणून होतो. बाळ ज्या घरात आहे तिथे अडचणी येणारच. रात्री-अपरात्री ताप येणार, गाडी ट्रॅफिकमध्ये अडकणार, कोणाचे तरी वडील आजारी पडणार. आमच्याही घरात तेच होणार. एकमेकांना धरून राहिल्याशिवाय दोन्ही घरं चालत नाहीत. पण धरून राहायचं तर दोघांचेही पाय आपापल्या जागी घट्ट असायला हवेत.

माझ्याकडे आता नव्या मुली सल्ल्याला येतात. त्यांना मी सांगते, पगार ठरला की उठू नका. सुट्टी किती, भरपगारी की कापून, ते गावाला गेले तर काय, उशीर झाला तर काय, उचल कशी फिटणार, हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर त्यांनाच लिहायला सांगा आणि फोटो काढून ठेवा. घरांना सांगणंही तेवढंच आहे. बाई यायला लागली त्याच आठवड्यात बसा, तिने मागायच्या आधी सुट्टीचा आकडा तुम्ही काढा. तिच्या मुलीचा अर्ज भरून द्यायचा असेल तर जरूर द्या, तिला हॉस्पिटलात घेऊन जायचं असेल तर जरूर जा, आणि त्याची आठवण सुट्टीच्या वेळी काढू नका. सुट्टी तिने कमावलेली आहे. ती पगारासारखीच वेळेवर, न मागता, पूर्ण द्या. मग तुमच्या अडचणीच्या रात्री ती स्वतःहून रिक्षा करून येईल, आणि तुम्ही तिच्या अडचणीला जाल तेव्हा तिलाही ते कर्ज वाटणार नाही.